निबंध मुलाचा की तुमचा?

प्रश्न : आम्ही सिडनीत राहतो. मुलगा न्यू साउथ वेल्सची एचएससी, म्हणजे तिथली बारावीची परीक्षा, देतोय. बिझनेस स्टडीजच्या निबंधासाठी मी एक काल्पनिक कंपनी तयार करून तिच्यावर आठ निबंध लिहून दिले, पण तो पाठ करायला टाळाटाळ करतो. खरी कंपनी घेतली तर आकडे चुकायची भीती. काय करावं?

उत्तर : त्याची टाळाटाळ मला तरी शहाणपणाची वाटते. वडिलांनी लिहायचं आणि मुलाने उतरवायचं, तर परीक्षा कोणाची? प्रश्न जरा फिरवून आला की पाठ केलेला परिच्छेद तसाच ओतला जातो, कारण ती कंपनी त्याला कळलेलीच नसते. तुमचे आठही निबंध बाजूला ठेवा. त्याला विचारलंत का, त्याला कोणत्या कंपनीबद्दल वाचायला आवडेल?

गोंधळ कुठे झालाय ते सांगतो. पेपरच्या तिसऱ्या विभागात काल्पनिक व्यवसाय असतो, पण तो प्रश्नातच दिलेला असतो आणि त्यावर अहवाल लिहायचा असतो. चौथ्या विभागातल्या २० गुणांच्या निबंधाला केस स्टडी, म्हणजे अभ्यासलेल्या कंपनीचं उदाहरण, आपण न्यायची असते. तिथे बनावट कंपनी पकडली जाईल का, ही काळजी दुय्यम आहे. घरी रचलेल्या कंपनीत सगळंच यशस्वी होतं : प्रशिक्षण दिलं, विक्री वाढली. मूल्यमापन करा म्हटलं की लिहायला काही उरत नाही.

क्वांटास ही ऑस्ट्रेलियाची विमान कंपनी बघा. २०२० मध्ये तिने ग्राउंड स्टाफची सुमारे १,७०० कामं कंत्राटदारांकडे दिली. कंपनी म्हणाली, कारण व्यावसायिक आहे. न्यायालयाला त्यात संपाचा हक्क टाळण्याचाही हेतू दिसला. २०२३ मध्ये हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल कायम केला. २०२५ मध्ये ९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. मनुष्यबळाच्या निबंधाला यात आउटसोर्सिंग, कायदा आणि कामगार संघटना तिन्ही मिळतात. रद्द करायचं ठरलेल्या विमानांची तिकिटं विकत राहिल्याबद्दल २०२४ मध्ये झालेला १० कोटींचा दंड मार्केटिंगला चालतो.

एका घटकाला एक कागद, त्यावर पाच-सहा नोंदी पुरेत : काय केलं, कधी, का, परिणाम काय. त्या त्यानेच काढायच्या. नेमका आकडा आठवला नाही तर ‘सुमारे’ लिहावं किंवा गाळावा, पण बनवू नये. मग न पाहिलेला प्रश्न घेऊन ३६ मिनिटांत निबंध लिहावा. १८० मिनिटांत १०० गुण, या हिशेबाने तेवढाच वेळ येतो. कंपनीचा इतिहास सांगण्यात पहिलं पान घालवणारे बरेच असतात, तेवढं टाळावं.

आणि तपासायला निबंध शिक्षकांकडे जाऊ द्या, तुमच्याकडे नको.