गर्दच्या (हेरॉइनच्या) व्यसनापायी पुन्हा पुन्हा पकडल्या जाणाऱ्याला ठाण्याच्या न्यायालयाने तुरुंगात टाकावं की उपचाराला पाठवावं?

आधी गुन्हा कोणता ते बघा. सेवन किंवा अल्प प्रमाण (गर्द ५ ग्रॅमपर्यंत, गांजा १ किलोपर्यंत) असेल, तर एनडीपीएस कायद्याचं (अमली पदार्थविरोधी कायद्याचं) कलम ३९ वापरता येतं. दोषी ठरल्यावर त्याची संमती घेऊन, बंधपत्रावर (अटी पाळण्याच्या लेखी हमीवर), सरकारी किंवा मान्यताप्राप्त व्यसनमुक्ती केंद्रात उपचार. वर्षभराच्या आत न्यायालयात अहवाल. मागची शिक्षा आहे म्हणून हा मार्ग आपोआप बंद होत नाही, पूर्वेतिहास मात्र पाहिला जातो. वकिलाने अर्जासोबतच मनोविकारतज्ज्ञाचा तपासणी अहवाल आणि केंद्राचं दाखल करून घेण्याचं पत्र जोडावं. नुसती तोंडी विनंती सहसा टिकत नाही.

मोबाईल हिसकावण्यासारख्या गुन्ह्याला कलम ३९ लागू नाही. तिथे १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं कलम ४ (तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडणं) मागावं. बंधपत्रात नशेपासून दूर राहण्याची अट घालता येते.

बिघडतं कुठे? दहा दिवसांत अंगदुखी, जुलाब, झोप उडणं ओसरतं आणि घरचे 'सुटला' म्हणतात. ओढ महिनोन्महिने राहते. ब्युप्रेनॉर्फिनसारखं ओढ आवरणारं औषध मधेच तोडलं की माणूस परत त्याच अड्ड्यावर. तळोजा किंवा ठाणे कारागृहातून काही महिन्यांनी सुटलेल्याच्या शरीराची गर्द पेलण्याची क्षमता उतरलेली असते; जुनाच डोस घेतला तर श्वास थांबून जीव जातो. म्हणून सुटकेच्याच दिवशी केंद्राची वेळ ठरलेली हवी, हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. आणि एकदा घसरला म्हणून लगेच बंधपत्र रद्द करू नये. आधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा तपासून घ्यावी.