प्रश्न तुमचे: पेटीतला एन्लार्जर, मऊ पडणारी कड आणि दुधी बल्ब

प्रश्न : वन बीएचके फ्लॅट आहे, त्यामुळे रात्रीचं बाथरूम हीच डार्करूम. ३५ मिमीचे काळे-पांढरे रोल घरीच धुतो, आता प्रिंट काढायच्या आहेत. जुन्या बाजारात पेटीत मावणारा रशियन यूपीए-५ एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रिंट पाडणारं यंत्र) पाहिला. दुसरीकडे एक जण मिओप्टाचा ओपेमस ६ विकतो आहे. काम झालं की माळ्यावर टाकता येईल, असा कुठला घ्यावा? (पुणे)

उत्तर : आधी सांगा, छापणार काय? कायम ३५ मिमीच छापायचं असेल तर यूपीए-५ चालेल. पुढेमागे याशिकासारख्या ट्विन लेन्स कॅमेऱ्याच्या ६×६ सेंमीच्या निगेटिव्ह हाताशी येण्याची शक्यता असेल, तर ओपेमसच घ्या. ६×६ च्या एन्लार्जरवर ३५ मिमी छापता येतं, उलटं जमत नाही. मात्र त्यासाठी भिंग बदलावं लागतं. ६×६ ला ७५ किंवा ८० मिमी, ३५ मिमीला ५० मिमी. ५० मिमीच्या भिंगाने ६×६ छापायला गेलात तर चारही कोपरे काळोखात जातात.

मग उंची. निगेटिव्हपासून कागदापर्यंतचं अंतर काढायला भिंगाच्या फोकल लांबीला (२ + मोठेपणा + १ भागिले मोठेपणा) ने गुणा; मोठेपणा म्हणजे प्रिंट निगेटिव्हच्या किती पट. अख्खी ३५ मिमी फ्रेम १० इंच रुंद छापायची तर मोठेपणा ७ पट होतो आणि ५० मिमीच्या भिंगाने अंतर येतं साधारण ४६ सेंमी. दोन्ही टोकं कापून ८×१० कागद पूर्ण भरायचा तर साडेआठ पट, म्हणजे ५३ सेंमी. अख्खी फ्रेम ७ इंच रुंद छापायला ३६ सेंमी पुरतात. पेटीतल्या एन्लार्जरचा खांब आखूड असतो, तेव्हा टेप घेऊनच बाजारात जा आणि डोकं (दिवा, निगेटिव्ह आणि भिंग असलेला वरचा भाग) सगळ्यात वर नेऊन निगेटिव्हच्या खाचेपासून पाट्यापर्यंत, म्हणजे खालच्या बेसबोर्डपर्यंत मोजा. ८० मिमीच्या भिंगाने हीच ३५ मिमी फ्रेम ७ पट करायला ७३ सेंमी लागतात, म्हणून ‘एकाच भिंगात दोन्ही भागवा’ हा विक्रेत्याचा सल्ला छोट्या एन्लार्जरवर कामाचा नाही.

यूपीए-५ ची गंमत म्हणजे त्याची पेटीच पाया होते. त्याचं दुखणंही तेच. पोकळ पेटी थरथरते, आणि १५ सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये ती थरथर निगेटिव्हचा दाणा पुसून टाकते. दुकानात विजेशिवायही हे तपासता येतं. डोकं वर नेऊन सगळे पेच आवळा, वरून बोटाने टिचकी मारा आणि भिंगाच्या कडेकडे बघा. एक-दोन सेकंदांत ते शांत व्हायला हवं. झुलत राहिलं तर खांबाचा बूड ढिला आहे किंवा डोक्याची पकड झिजली आहे. बूड आवळता येतं. झिजलेल्या पकडीच्या नादी लागू नका. यंत्र पसंत पडलं तर घरी खांब १८ मिमीच्या प्लायवर बोल्टने बसवा आणि पेटी फक्त ने-आणीला ठेवा. दिसायला कमी ऐटीचं, पण प्रिंट चांगली येते.

गिऱ्हाईक सगळ्यात आधी भिंग बघतं. आम्ही म्हणू, भिंग सगळ्यात शेवटी बघा. बुरशी असली तर टॉर्च मागून धरल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, आणि तसं असेल तर साफसफाईच्या फंदात न पडता ते सरळ बाजूला ठेवा. ३९ मिमीच्या आट्यांचं दुसरं भिंग मिळतं. निकॉनचं ५० मिमी एफ/४ एल-निकॉर घरच्या ८×१० ला पुरून उरतं. फक्त आट्यांची खात्री करून घ्या. जुन्या काही यंत्रांना २३.५ किंवा २५ मिमीचे आटे असतात, तिथे ३९ चं भिंग बसणार नाही. लाइट्झचा फोकोमॅट १सी समोर आला तर वेगळी काळजी घ्या. डोकं वर-खाली केल्यावर तो आपोआप फोकस धरतो, पण ती जुळणी ठरावीक भिंगाशी केलेली असते. भिंग बदललं की ती बिघडते. शिवाय तो जडही आहे, माळ्यावर चढवायचं यंत्र ते नव्हे.

खरी अडचण होते ती निगेटिव्ह होल्डर हरवलेला असला की. ‘मिळून जाईल’ असं विक्रेता म्हणतो, तो मिळत नाही. यंत्र स्वस्त असेल तर २ मिमी जाड काळ्या कार्डाचे दोन तुकडे घ्या, एका कडेला कापडी टेपची बिजागरी करा आणि मध्ये २४×३६ मिमीची खिडकी कापा. खिडकीच्या कडा आतून काळ्या मार्करने रंगवा, नाहीतर तिथून परावर्तित उजेड प्रिंटच्या कडेला राखाडी पट्टा उमटवतो. असा होल्डर ३५ मिमीला चालतो. ६×६ ची फिल्म मात्र त्यात मधोमध लोंबते.

आणि विजेचं. बहुतेक जुन्या यंत्रांना दोनच तारांची वायर असते, अर्थिंग नसतं. अंग धातूचं, पायाखाली ओली फरशी. घरी आणल्याबरोबर इलेक्ट्रिशियनकडून तीन तारांची वायर घालून घ्या, अर्थिंगची तार धातूच्या अंगाला पेचाने जोडायला सांगा आणि बाथरूमच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे का, तेही बघून घ्या. जुन्या वायरचं रबर वाकवल्यावर तडकत असेल तर दुकानात प्लग लावून बघण्याचा मोह आवरा.

प्रश्न : छोट्या ड्यूर्स्ट एन्लार्जरवर प्रिंट काढतो. डावी कड नेहमी मऊ (धूसर), उजवी कडक (रेखीव). भिंग बदललं तरी तेच. बेसबोर्डखाली कागदाच्या घड्या घालून पाहिल्या, फरक नाही. (कोल्हापूर)

उत्तर : भिंग बदलून फरक पडला नाही, म्हणजे दोष भिंगाचा नाही. बेसबोर्डखाली घड्या घालण्यात मात्र अर्थ नाही, कारण तुम्ही अख्खं यंत्र तिरकं केलंत. डोकं आणि पाटा यांच्यातला कोन होता तसाच राहिला.

शोध वरून सुरू करा. ७ पट मोठ्या प्रिंटमध्ये निगेटिव्ह एका बाजूने अर्धा मिमी उचललेली असेल तर तो फरक खाली ७ × ७, म्हणजे ४९ पटीने येतो. पाट्यावर तो जवळपास अडीच सेंमीचा होतो! उलट पाटा स्वतः दोन-तीन मिमी कलला असेल तर एफ/८ वर तो सहज पचतो. म्हणून होल्डर बाहेर काढा. खाचेत बहुधा फिल्मचा तुकडा, गंजाची पापडी नाहीतर वाकलेला पत्रा सापडेल. होल्डर सपाट काचेवर ठेवून कोपरे दाबा. एखादा टकटकला तर तो वाकला आहे.

मग चाचणी. फिल्मचा जळका, पूर्ण काळा शेंडा घ्या आणि सुईने मध्यभागी व चार कोपऱ्यांत फुल्या ओरखडा. तो होल्डरमध्ये घालून भिंग पूर्ण उघडं ठेवा आणि मध्यावर फोकस धरा. कोपऱ्यांतल्या फुल्या पाट्यावर हातातल्या दुसऱ्या, मोठं दाखवणाऱ्या भिंगाने तपासा. डाव्या दोन्ही फुल्या मऊ दिसल्या तर डोकं डावी-उजवीकडे कललं आहे. डोक्याला जोडणारा पेच ढिला करा, गुण्या आणि पाणसळ लावून पाटा, होल्डरची खाच आणि भिंगाची पाटी या तिन्ही एकमेकींना समांतर आणा, पुन्हा आवळा आणि पुन्हा तपासा. आवळताना जुळणी सरकतेच, तेव्हा हे दोन-तीनदा करावं लागेल. समायोजनाचा पेचच नसेल तर खांबाच्या बुडाखाली पातळ पितळी पट्टी सरकवा. इथे पट्टी खांब आणि पाटा यांच्या मध्ये जाते, म्हणून उपयोग होतो.

कडा कडक आणि फक्त मध्य मऊ असं दिसलं तर गोष्ट वेगळी. बल्बच्या उष्णतेने निगेटिव्ह फुगते. दिवा अर्धा मिनिट लावून मग फोकस धरा आणि लगेच छापा. काचेचा होल्डर हा पक्का उपाय आहे, पण पावसाळ्याच्या दमट हवेत फिल्म काचेला चिकटून इंद्रधनुषी वलयं छापली जातात आणि धुळीला चार पृष्ठभाग जास्तीचे मिळतात.

प्रश्न : ७५ वॅटचा दुधी बल्ब गेला. साधा एलईडी लावला तर मध्यभागी उजेडाचा डाग पडतो आणि मल्टिग्रेड फिल्टरही नीट चालत नाहीत. (नागपूर)

उत्तर : दोन्ही तक्रारी एलईडीच्या स्वभावाच्याच आहेत. कंडेन्सरला (बल्बचा उजेड निगेटिव्हवर एकवटणाऱ्या भिंगांना) मोठा, सारखा उजळणारा दुधी गोळा हवा असतो. एलईडीचा बुटका घुमट तसा नसतो, आणि पिनच्या बल्बसाठी मध्ये अॅडॉप्टर घातलात तर बल्ब आणखी दोनेक सेंमी खाली येतो. अॅडॉप्टर काढून पेचाचाच बल्ब घ्या, पूर्ण गोल दुधी घ्या आणि दिव्याचा दांडा वर-खाली करत रिकाम्या होल्डरने कोऱ्या पांढऱ्या कागदावरचा उजेड सारखा करा.

मल्टिग्रेड कागद निळ्या आणि हिरव्या उजेडाला वेगवेगळ्या कॉन्ट्रास्टने प्रतिसाद देतो. निळा कडक करतो (कॉन्ट्रास्ट वाढवतो), हिरवा मऊ (कमी करतो). पिवळा फिल्टर निळा अडवतो, मॅजेंटा हिरवा अडवतो. पांढऱ्या एलईडीत निळ्याचा उंच सुळका असतो, त्यामुळे ६५०० केल्विनच्या बल्बवर सगळं कडकपणाकडे झुकतं. २७०० ते ३००० केल्विनचा घ्या. तरीही फिल्टरवरच्या आकड्यांवर विसंबू नका. एकाच निगेटिव्हच्या ००, २ आणि ५ नंबरवर पट्ट्या काढून आपला तक्ता करा.

जुना तंतूचा बल्ब मिळाला तर स्टॅबिलायझर लावा. दाब २३० वरून २०७ व्होल्टवर आला, म्हणजे फक्त १० टक्के घसरला, तरी उजेड सुमारे ३० टक्के कमी होतो आणि तो पिवळाही पडतो. संध्याकाळी काढलेली टेस्ट स्ट्रिप (एक्स्पोजर ठरवायची चाचणीची पट्टी) मध्यरात्रीच्या प्रिंटशी जुळत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

प्रश्न : न्यू जर्सीहून परतताना ओमेगा बी-२२ एन्लार्जर आणावा का? तो ११० व्होल्टचा आहे. (ठाणे)

उत्तर : आणा. त्यात ११० व्होल्टचा असा फक्त बल्बच आहे. वायर आणि दिव्याचा होल्डर बदलून २३० व्होल्टचा, ७५ वॅटचाच दुधी बल्ब लावा, त्याहून जास्त वॅटचा नको, आत उष्णता साठते. टायमर तिथलाच आणणार असाल तर त्यासाठी वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तिथला निगेटिव्ह होल्डर आणि भिंगाची पाटी आठवणीने पिशवीत घाला.

प्रश्न : एन्लार्जरबरोबर उटीच्या ‘इंदू’ कागदाचं न उघडलेलं पाकीट मिळालं. वापरू का? (सातारा)

उत्तर : लाल दिव्यात एका कागदाचे दोन तुकडे करा. एक थेट फिक्सरमध्ये टाका. दुसरा एक्स्पोजर न देता २ मिनिटं डेव्हलपरमध्ये ठेवा आणि मग फिक्सरमध्ये. उजेडात शेजारी ठेवून बघा. दुसरा किंचित राखाडी असेल तर लिटरभर डेव्हलपरमध्ये बेन्झोट्रायझोलचं (कागदाचा राखाडीपणा रोखणाऱ्या रसायनाचं) १ टक्का द्रावण १० मिली घाला, एक्स्पोजर थोडं वाढवा. गडद राखाडी असेल तर पाकीट सुट्ट्या तुकड्यांवर हात बसवण्यापुरतंच ठेवा. हा ठरावीक ग्रेडचा, म्हणजे एकाच कॉन्ट्रास्टचा कागद असेल तर मल्टिग्रेड फिल्टर त्याच्यावर काहीच करणार नाहीत, ते काढून ठेवा.