शंका-समाधान : चकती थरथरते, पण वारा पंखावरून सुटतोच

प्रश्न : १५० मिमी जीवेच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) ‘नाका ००१५’ (NACA, पंखाच्या छेदाचा एक प्रमाण आकार) पंखात आम्ही पुढच्या कडेपासून १५ मिमीवर सिंथेटिक जेटची (थरथरत्या चकतीने एकाच छिद्रातून हवा आत ओढून बाहेर फुंकणारी साधनं) रांग बसवली आहे. प्रत्येक जेटला बझरमधली २७ मिमीची पिझो (वीज दिली की वाकणारी) चकती, २५ मिमी व्यासाची ३ मिमी खोल पोकळी आणि दीड मिमी जाड झाकणात २ मिमीचं एक छिद्र आहे. विंड टनेलमध्ये १० मी/से वेगाला ७५ हर्ट्झ दिले, तरी पंखावर चिकटवलेले दोरे उलटेच फडफडतात, म्हणजे प्रवाह पृष्ठभागापासून सुटतोच. कुठे चुकतंय?
– यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी, सांगली

उत्तर : ७५ हर्ट्झ हा आकडा चुकीचा नाही. वाऱ्याचा वेग भागिले सुटलेल्या भागाची लांबी, म्हणजे १० भागिले ०.१३५, हीच वारंवारता प्रवाहाला हवी असते. पण एवढ्या संथ कंपनात ही चकती हवा जवळजवळ ढकलतच नाही. तुमच्या मापांनी पोकळीचा हेल्महोल्ट्झ अनुनाद (बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर घुमते तशी पोकळीतल्या हवेची स्वतःची वारंवारता) १४०० हर्ट्झच्या आसपास येतो, चकतीचा स्वतःचा अनुनाद वेगळा, आणि तो कडा किती घट्ट धरली आहे त्यावरही सरकतो. म्हणून आधी टनेलबाहेर, ५०० ते ४००० हर्ट्झ हळूहळू फिरवत, झोत सर्वांत जोरात कुठे येतो ते शोधा. मग त्या वारंवारतेचा सिग्नल सेकंदाला ७५ वेळा चालू-बंद करा. दोन सिग्नलची नुसती बेरीज करून भागत नाही, गुणाकारच हवा.

झोत तयार होतो की नाही, हे हिशेबानेही कळतं. छिद्रातला कमाल वेग भागिले (३.१४ × वारंवारता) म्हणजे एका फुंकरीत बाहेर पडणाऱ्या हवेची लांबी. गोल छिद्रासाठी ती व्यासाच्या निम्म्याहून जास्त लागते. १४०० हर्ट्झला १० मी/से मिळाले तर २.३ मिमी, म्हणजे पुरेशी. ३ मी/से वर ती ०.७ मिमीच भरते, आणि बाहेर आलेलं भोवरा-कडं पुढच्या ओढीत परत आत जातं.

वेग कमी भरला तर पहिला संशय गळतीवर घ्या. चकतीची कडा दोन्ही बाजूंनी ओ-रिंगमध्ये एकसारखी दाबा. एका बाजूला जास्त आवळली तर सिरॅमिकला तडा जातो. चकतीच्या मागची जागा मोकळी हवी, बंद राहिली तर तिथली हवा स्प्रिंगसारखी अडवते. व्होल्टेज २० व्होल्ट पीक-टू-पीकपासून (लहरीच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत) टप्प्याटप्प्याने चढवा आणि चकती गरम लागली की थांबा. तारा उघड्या ठेवू नका.

टनेलमध्ये पंखाचा वाऱ्याशी कोन स्टॉलच्या (ज्या कोनाला प्रवाह सुटून उचल कोसळते) एक-दोन अंश पुढे ठेवा. त्याआधी प्रवाह सुटलेलाच नसतो आणि फार पुढे गेल्यावर एवढ्याशा झोताला तो आवरत नाही. मोजमापं चार घ्या : छिद्रं टेपने बंद, उघडी पण जेट बंद, उघडी आणि जेट चालू, टेप लावून जेट चालू. तुमचा रेनॉल्ड्स अंक (वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांचं गुणोत्तर) लाखाच्या घरात आहे. तिथे उघडं छिद्र किंवा पंखाची थरथरसुद्धा सीमास्तर (पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर) बदलू शकते, आणि त्याचं श्रेय झोताला देणं खोटं ठरेल.

प्रश्न : हॉट-वायरवर (तापवलेली तार किती थंड होते त्यावरून हवेचा वेग मोजणारा प्रोब) एका आवर्तनात वेगाच्या आलेखात दोन उंचवटे दिसतात. चकती दुप्पट वेगाने हलते का?

उत्तर : नाही. हॉट-वायरला हवेची दिशा कळत नाही, त्यामुळे आत ओढली जाणारी हवाही धनच दिसते. मोठा उंचवटा फुंकरीचा, लहान ओढीचा. प्रोब छिद्रापासून ८-१० मिमी दूर नेला की दुसरा उंचवटा नाहीसा होतो. समई फुंकून विझते, हवा आत ओढून विझत नाही, त्यातलंच हे. हवा बाहेर जाते तेव्हा सरळ रेषेत जाते, आत येताना चहूबाजूंनी येते. म्हणूनच एकूण हवा शून्य असूनही संवेग शिल्लक उरतो.

प्रश्न : बोइंग ७५७ च्या शेपटीवर २०१५ मध्ये हेच जेट होते का?

उत्तर : नाही. नासा आणि बोइंगच्या त्या उड्डाणचाचणीत उभ्या शेपटीवर ३१ ‘स्वीपिंग जेट’ (डावीकडे-उजवीकडे झुलणारे झोत) होते. त्यांना दाबाची हवा नळीने पुरवावी लागते. सिंथेटिक जेटला नळी लागत नाही, फक्त वीज लागते, पण इतक्या मोठ्या शेपटीला पुरेल एवढा जोर पिझो चकतीतून काढणं अवघड आहे.