पॉइंट गार्ड शिकायचंय? आधी स्टॉकटन बघ

बास्केटबॉलमध्ये स्टीफन करीच्या लांबून मारलेल्या थ्रींवर (तीन पॉइंटच्या शॉट्सवर) तू फिदा आहेस, ठीक आहे, आम्हीही आहोत. पण पॉइंट गार्ड, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा खेळाडू, नेमकं करतो काय, हे कळायला जॉन स्टॉकटनच्या जुन्या मॅचेस काढ. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये (अमेरिकेच्या NBA लीगमधल्या टीम्स नवे खेळाडू निवडतात, त्यात) सोळावा नंबर, उंची सहा फूट एक इंच, आणि अख्खे १९ सीझन एकाच टीमकडे, युटा जाझकडे. १५,८०६ असिस्ट (बास्केट होईल असे पास), ३,२६५ स्टील (समोरच्यांकडून हिसकावलेले बॉल). दोन्ही विक्रम अजून त्याच्याच नावावर.

बघताना बॉलकडे नको, पायांकडे बघ. त्याचा टीममेट कार्ल मलोन स्क्रीन लावतो, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो, आणि स्टॉकटन त्याच्या खांद्याला घासूनच निघतो, मध्ये फट म्हणून ठेवत नाही. स्टॉकटनचा डिफेंडर तिथे अडकतो, मलोनचा माणूस पुढे येतो, तेवढ्यात मलोनला बाउन्स पास, जमिनीवर एक टप्पा देऊन. दरवेळी तेच, समोरच्यांना पाठ, तरी अडवता यायचं नाही. (स्वतः स्क्रीन लावण्यातही हा गडी भलताच डांबरट होता.)

'एकही रिंग नाही', म्हणजे एकदाही चॅम्पियन नाही, असं म्हणणारे भेटतीलच. १९९७ आणि १९९८, दोन्ही फायनल्सना समोर जॉर्डनची शिकागो बुल्स होती, एवढंच सांग त्यांना. त्याआधी ९७ चा ह्यूस्टनविरुद्धचा शेवटच्या क्षणाचा थ्री तेवढा बघून घे.