पावसाळ्यातला गोल्फ: टॉवेल, फुलपात्र आणि सतरंजी

(पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. त्यातल्या चार पत्रांना ही उत्तरं. उत्तरं देणारे लहानपणी चेंबूरच्या कोर्सवर कॅडी (खेळाडूंची बॅग उचलणारे) होते, आता गोल्फ शिकवतात.)

प्रश्न : वय 61, हँडिकॅप (‘पार’ म्हणजे ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) 26. जून ते ऑक्टोबर खेळ जवळजवळ बंद असतो. या काळासाठी मी पाच उद्दिष्टं लिहिली आहेत : ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी) 230 यार्ड, स्विंग नव्याने बसवणं, बंकर (वाळूचा खड्डा), चिपिंग (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, म्हणजे ग्रीनवर, काठावरून छोट्या फटक्याने चेंडू टाकणं) आणि दिवाळीपर्यंत हँडिकॅप 16. शेवटच्या चार राउंडची कार्डं सोबत जोडतो. क्रम कसा लावू?
– निवृत्त बँक अधिकारी, मुलुंड

साहेब (कॅडी असताना लागलेली सवय, जात नाही), यादी झकास आहे. पण शेवटची शिल्लक आधी लिहून मग व्यवहार जुळवायला बसलात, असं बँकेत चाललं असतं का? कार्डं मात्र तुम्ही मन लावून भरलीत. पट (ग्रीनवर चेंडू भोकाकडे घरंगळवायचे फटके) वेगळे, पेनल्टी वेगळी, चिप वेगळ्या. एवढं कोणी लिहीत नाही, म्हणून मला काम सोपं झालं.

तुमचे स्कोअर 97, 101, 98, 104. बेरीज 400. पट एकूण 160, म्हणजे राउंडला 40. पार ठरवताना दर होलला दोन पट धरलेले असतात, अठरा होलचे 36. म्हणजे पटिंगमध्ये तुम्ही चारच फटके जास्त मारता. ड्रायव्हरने चेंडू हरवून, पाण्यात घालून झालेली पेनल्टी चार राउंडमध्ये मिळून 9. आता तो आकडा बघा, जो तुम्ही लिहिलाय पण बेरीज केली नाही. ग्रीनच्या काठावर उभं राहून चिप केली, चेंडू दोन हात सरकला किंवा सटकन पलीकडच्या काठाला गेला, आणि पुन्हा चिप करावी लागली, असे होल 26. राउंडला साडेसहा फटके! आणि ते चार जादा पट कुठून आले तेही कार्डावर दिसतं. तीन-तीन पट झालेत ते बहुतेक याच होलवर, कारण थकूनभागून ग्रीनवर पोचलेला चेंडू भोकापासून लांबच राहिला.

मुंबईत गच्ची गळायला लागली की आपण आधी गळती शोधतो, डांबर तिथे लावतो. तुम्ही अख्खी बिल्डिंग रंगवायला काढलीत.

या पावसाळ्यात एकच काम : चिप. बाकीची चार उद्दिष्टं फाडून टाका म्हणत नाही, पाकिटात ठेवा.

आता ते कसं करायचं. मी बारा वर्षांचा असताना बॅग उचलायला लागलो. कोर्सवर खेळायची मुभा आम्हाला रोज थोडीच होती! आम्ही वस्तीतल्या गल्लीत खेळायचो. बांधकामाची सळई वाकवून क्लब, मुठीला रबरी पाइपचा तुकडा, चेंडू प्लॅस्टिकचा. गल्ली सहा-सात फूट रुंद, दोन्ही बाजूंना उघडी दारं. चेंडू उंच उडाला की कोणाच्या तरी भातात. मग ती मावशी चेंडू चुलीत घालायची धमकी द्यायची, वर आईकडे तक्रार. त्यामुळे चेंडू बुटका ठेवायचा, एका ठरलेल्या फरशीवर टाकायचा आणि पुढे घरंगळू द्यायचा, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. मार खाऊन आलं. लांब मारायला जागाच नव्हती, म्हणून आमच्यातल्या बहुतेकांचा शॉर्ट गेम बरा आहे. पावसाळ्यात तुमचीही जागा तेवढीच होते, साहेब. तिचा राग मानू नका.

तुमची चूक मी न बघता सांगतो, कारण तुमच्या कार्डावर दोन्ही प्रकार आहेत : जड, म्हणजे आधी जमिनीला लागलेला, आणि चेंडूच्या डोक्यावर लागलेला. दोघांचं मूळ एक. तुम्ही चेंडू उचलायला जाता. वजन मागच्या पायावर राहतं, मनगट पुढे कलंडतं, क्लब चेंडूच्या आधी जमिनीला टेकतो. कधी तिथेच रुततो, कधी उसळून चेंडूच्या पोटात बसतो. चेंडू उचलायचं काम तुमचं नाहीच. सँड वेजच्या (वाळूतून चेंडू काढायच्या क्लबच्या) तोंडाला साधारण 56 अंशांचा उतार दिलेला असतो, तो कशासाठी? शिवाय काठावरून चिप करायला दर वेळी सँड वेज कशाला काढता? कमी उताराची पिचिंग वेज घ्या, नाहीतर नऊ नंबर. पाय जवळजवळ, वजन पुढच्या पायावर आणि तिथून हलू द्यायचं नाही, हात चेंडूच्या किंचित पुढे. चेंडू ग्रीनवर एक पाऊल आत टाका, पुढचं अंतर त्याला चालू द्या. ओल्या ग्रीनवर तो कमी चालतो, एवढा हिशेब ठेवा.

घरी करायचं ते असं. जाड पायपुसणं पसरा. चेंडू प्लॅस्टिकचा, भोकं असलेला. खरा चेंडू घेतलात तर शोकेस आणि संसार दोन्ही धोक्यात. चेंडूच्या मागे एक वीत अंतरावर हात पुसायचा टॉवेल घडी करून ठेवा. दहा पावलांवर रिकामी बादली. क्लब टॉवेलला लागला की तो फटका बाद, मग चेंडू बादलीत पडला तरी बाद. रोज वीस फटके. किती शुद्ध लागले तो आकडा कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत लिहा, दुधाच्या हिशेबाशेजारी. पहिल्या आठवड्यात वीसात आठ-नऊ आले तरी पुष्कळ. गणपती येईपर्यंत पंधरा यायला हवेत. हे झालं तुमचं उद्दिष्ट. हँडिकॅप 16 हे उद्दिष्ट नाही, ते फळ आहे, आणि दिवाळीपर्यंत तर मुळीच नाही. 22 झाला तरी मला चहा पाजा.

स्विंगची खाज राहणारच, म्हणून एक गोष्ट देतो, एकच. चांगल्या खेळाडूंचा क्लब वर जायला जेवढा वेळ घेतो, त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात तो खाली चेंडूवर येतो. तुमच्या वयाला आणि पाठीलाही ती लय मानवेल. क्लब उलटा धरा, दांडा क्लबच्या डोक्याच्या बाजूने हातात. मनात एक-दोन-तीन म्हणत वर, चार म्हणत खाली. ‘सूं’ असा आवाज कुठे येतो ते ऐका. उजव्या कानापाशी आला तर जोर वरच संपला. चेंडूच्या जागेच्या पुढे यायला हवा. हे दिवाणखान्यात करू नका, पंखा आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करा. वॉचमन दोन दिवस हसेल, तिसऱ्या दिवशी मागून बघेल.

प्रश्न : मी रात्री घरी लादीवर पटिंगचा सराव करते. खालच्या मजल्यावरचे काका चेंडूच्या आवाजाची तक्रार करतात. शिवाय घरी एवढं करूनही ग्रीनवर माझे लांबचे पट कधी तोकडे पडतात, कधी भलतेच पुढे जातात. सराव वाया जातोय का?
– शिक्षिका, दादर

काकांचं बरोबर आहे. रात्री साडेदहाला टाइल्सवरून घरंगळणारा गोल्फचा चेंडू म्हणजे डोक्यावर जातं फिरवल्यासारखं. सतरंजी घाला, तक्रार मिटेल.

वाया काही जात नाही, ताई, पण घरी जे मिळत नाही ते तुम्ही घरी शोधताय. लांबचा पट म्हणजे अंतराचा अंदाज, तो ग्रीनच्या गवतावरच येतो. लादी आणि सतरंजी दोघींचाही वेग खोटा. घरी कमवायची ती दिशा. चेंडू कुठल्या रेघेवर निघतो ते मुख्यतः टक्कर होताना पटरचं तोंड कुठे बघतंय त्यावर ठरतं. ती रेघ तुमच्या घरात गवंड्याने आधीच आखून ठेवली आहे, दोन लाद्यांमधला सांधा. सतरंजीची कड त्या सांध्याला लावा. चेंडूच्या पुढे एका फुटावर एक रुपयाचं नाणं ठेवा, चेंडू त्यावरून गेला पाहिजे. तीन फुटांवर फुलपात्र आडवं. गोल्फचं भोक 108 मिलिमीटरचं, चेंडू सुमारे 43चा. फुलपात्राचं तोंड भोकापेक्षा बरंच अरुंद असतं. तिथे सलग दहा पडायला लागले की कोर्सवरचं भोक घमेल्यासारखं दिसेल.

तीनच फूट का, असं विचाराल. आठ फुटांवरून अमेरिकेच्या टूरवरचे व्यावसायिकसुद्धा साधारण निम्मेच पट घालतात. आपण आठ फुटांवरून चुकलो तर हळहळायचं कारण नाही. तीनवरून चुकलो तर आहे.

लांबच्या पटासाठी उघडीप मिळेल तेव्हा ग्रीनवर जा आणि भोकाकडे बघूच नका. वीस, तीस, चाळीस फुटांवर टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) खोचा आणि चेंडू तिथे थांबवायचा प्रयत्न करा. अर्धा तास पुरे.

प्रश्न : पावसाळ्यात इनडोअर सिम्युलेटरवर (मॅटवरून पडद्यावर मारायची सोय) जातो. तिथे माझे आयर्नचे (लोखंडी तोंडाच्या क्लबचे) फटके सुंदर लागतात, कोर्सवर मात्र जमीन खणतो. नवे आयर्न घेऊ का?
– आयटी अभियंता, पवई

नको. मॅट खोटं बोलते, आयर्न नाही. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे पडला तरी मॅटवरून घसरत पुढे जातो आणि फटका बरा लागतो. मातीत तोच क्लब रुतून बसतो. मुलुंडच्या साहेबांचा टॉवेल तुम्हीही ठेवा. शिवाय व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर ठिपका काढा आणि तो ठिपका क्लबच्या तोंडाच्या बाजूला ठेवून मारा. तोंडावर शाईचा डाग उठतो. डाग मध्ये आहे, टाचेला की टोकाला, ते बघा. पडद्यावरचे यार्ड बघू नका, तो पडदा तुम्हाला परत बोलावण्यासाठी आहे. स्विंगमध्ये काही मोठं बदलायचंच असेल तर मात्र हेच महिने. सामने नसताना वाईट खेळण्याची लाज वाटत नाही.

प्रश्न : पाऊस थोडा असताना खेळावं का?
– वाचक, ठाणे

खेळावं. जुलैत सांताक्रूझला सरासरी आठशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, कोरड्या दिवसाची वाट बघाल तर श्रावण उलटेल. हाफ सेट, म्हणजे अर्धेच क्लब घ्या, बॅग हलकी. छत्रीच्या काड्यांना एक सुका पंचा अडकवा, ग्रिपसाठी. साचलेल्या पाण्यातून फुकट, म्हणजे दंडाचा फटका न पडता, सुटका मिळते. फेअरवेत (कापलेल्या गवतात) किंवा रफमध्ये (वाढलेल्या गवतात) स्वतःच्या खड्ड्यात रुतलेला चेंडूही फुकट काढता येतो, 2019 च्या नियमांपासून. बंकरमध्ये रुतला तर नाही. ओल्या मातीत क्लब रुतत असेल तर एका नंबरने लांब जाणारा क्लब (सातच्या जागी सहा) घेऊन सावकाश मारा.

ढग गडगडला की मात्र थांबा. होल अर्धा राहिला असला तरी खेळ सोडा, विजेसाठी नियम तशी परवानगी देतो. झाडाखाली जाऊ नका, क्लब हाउस गाठा. आणि बॅग आहे तिथेच टाकायला सांगून कॅडीला आधी पळवा. सगळे क्लब त्याच्या खांद्यावर असतात.