विंगेत पाय चिकटतो तेव्हा

‘नाटक सोडू का?’ पार्किन्सन्सचं निदान होऊन चार महिने झालेल्या 58 वर्षांच्या नटाने हा प्रश्न माझ्याकडे आणला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) थरथरता हात तो खिशात लपवायचा. दिग्दर्शकालाही पत्ता नव्हता.

एवढ्या मोठ्या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. कुठल्या प्रवेशात काय अडतं, एवढंच विचारलं. मग कळलं, थरथर त्याच्या भूमिकेत खपत होती. दुसऱ्या अंकात विंगेतून एंट्री घेताना पाय जमिनीला चिकटायचे, ती खरी धास्ती होती. अरुंद जागा, दार, वळण, अंधार आणि घाई, अशा ठिकाणी या आजारात पाय जास्त अडतात. विंगेत हे सगळं एकत्र येतं.

आठवडाभर वहीत गोळी, जेवण, चालणं, आवाज यांच्या वेळा लिहायला सांगितल्या. प्रयोगाआधीची गोळी भरपेट जेवणासोबत जात होती. लेव्होडोपा (म्हणजे या गोळीतलं औषध) आणि जेवणातली प्रथिनं आतड्यात एकाच वाटेने शोषली जातात, त्यामुळे औषध उशिरा लागू पडतं. वही न्यूरॉलॉजिस्टना दाखवली, त्यांनी गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगितली. असे बदल स्वतःच्या मनाने करू नयेत. ही गोळी अचानक बंद करणं तर धोक्याचं.

एंट्रीच्या वाटेवर पावलाच्या अंतराने आडव्या पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. पाय अडला तर ओढायचा नाही: थांबायचं, वजन एका पायावर घ्यायचं, दुसरा पट्टीपलीकडे टाकायचा. चालता चालता बोलायचं वाक्य नटाने जागेवर पोचल्यावर बोलायचं, असं दिग्दर्शकाने ठरवलं.

म्हणजे दिग्दर्शकाला सांगावं लागलंच. त्या सांगण्याची तालीम आम्ही आधी केली. पहिल्या मसुद्यात तीनदा ‘माफ करा’ होतं; ते काढल्यावर उरलं आजाराचं नाव, आज काय जमतं आणि काय मदत हवी.

आवाज कमी झालाय, हे नटाला पटेना. या आजारात आवाज बारीक होतो, पण बोलणाऱ्याला तो नेहमीसारखाच वाटतो. शेवटच्या रांगेतलं रेकॉर्डिंग ऐकून तो गप्प झाला. मग वाचा-उपचार: आठवड्यात चार दिवस, चार आठवडे.

झोप आणि उदासी दर भेटीत विचारली. नैराश्य या आजाराचा भाग असू शकतं, ते नुसतं निदानाचं दुःख समजून सोडून देऊ नये.

एक अट त्याने स्वतः घातली. रंगमंचावर तोल गेला तर पुढचा प्रयोग बदली नट करेल, आणि ते ठरवेल रंगमंच व्यवस्थापक. तोंडाला रंग लागल्यावर आपण ‘आज नको’ म्हणणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.