पंधरा फुटांवर वाघ, पंचविसावर शेळी

प्रश्न : मी दोन वर्षं मिनियापोलिसला डिस्क गोल्फ खेळतोय. १५ फुटांवरून दहातल्या नऊ डिस्क टोपलीत जातात. २५ फुटांवर गेलो की तीन, फार तर चार. रोज तिथेच उभा राहून पन्नास फेकतो, तरी आकडा हलत नाही. एखाद्या दिवशी दहात सहा जातात, दुसऱ्या दिवशी परत दोन. माझं चुकतंय कुठे?

उत्तर : ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. खांबाला एक लोखंडी टोपली, तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या. लांबून डिस्क, म्हणजे फ्रिसबीसारखी चकती, फेकत यायचं आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत घालायची. टोपलीजवळ आल्यावरची फेक म्हणजे ‘पट’. मी चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात ३१ वर्षं काढली. आता शार्लटला मुलाकडे असतो आणि नातवाच्या नादाने या खेळाला लागलोय. त्यामुळे माझं उत्तर व्हर्नियर कॅलिपरच्या, म्हणजे वस्तू जबड्यात धरून माप घ्यायच्या उपकरणाच्या, अंगाने जाणार, तेवढं सोसा.

दहा फेकींवरून काहीही ठरवू नका. ज्याचा हात शंभरात चाळीसचा आहे, त्याला एका दहात दोन पडणं आणि दुसऱ्या दहात सहा पडणं हे रोजचंच आहे. त्यात हात बदललेला नसतो. पण दोन पडले की तुम्ही पकड बदलत असणार, सहा पडले की तीच पकड बरोबर ठरवत असणार, अशी मला दाट शंका आहे. मीही तेच करायचो. शंभर फेकी होईपर्यंत वहीतल्या आकड्याला मान देऊ नका.

आणि तीन-चार हा आकडा काही लाजिरवाणा नाही. सुटताना डिस्क एका अंशाने वाकडी गेली तर १५ फुटांवर ती ८ सेंटिमीटर सरकते, २५ फुटांवर १३. पंधराच्या मानाने पंचविसावरून टोपली रुंदीला तीन पंचमांश दिसते आणि उंचीलाही तेवढीच, म्हणजे निशाणा जेमतेम एक तृतीयांशच्या वर उरतो. व्यावसायिक स्पर्धांमधले पहिल्या फळीतले पुरुष खेळाडू टोपलीभोवतीच्या १० मीटरच्या वर्तुळात, अगदी टोपलीलगतचे पट सोडून, शंभरात पंच्याऐंशी-नव्वद घालतात. तेच लोक १० ते २० मीटरच्या पट्ट्यात गेले की तिशी-पस्तिशीत येतात. अंतर कुणालाच सोडत नाही.

आता मुद्द्याचं. किती गेल्या हे तुम्ही लिहिलंत, उरलेल्या कुठे गेल्या ते लिहिलं नाहीत. आमच्या ड्राइव्हवेवर मी खडूने १५, २०, २५, ३० अशा रेघा मारल्या आणि वहीत चार रकाने पाडले : वर, खाली, डावी, उजवी. पहिल्या आठवड्यात २५ फुटांवरून ६१ चुकल्या, त्यातल्या ४४ ‘खाली’. टोपलीच्या काठावर खण्णकन आपटायच्या आणि तिथेच पडायच्या. मी मात्र त्याआधी दोन महिने डावी-उजवी सुधारत बसलो होतो. कारण साधं आहे. बाजूने गेलेली डिस्क उतारावरून घरंगळत शेजाऱ्याच्या गवतात जाते, वाकून आणावी लागते, ती लक्षात राहते. काठावर आपटलेली विसरायला होते.

तुमच्या चुका एकाच रकान्यात साठल्या तर आनंद माना. कॅलिपरचं शून्य सरकलंय एवढाच त्याचा अर्थ. निशाणा तेवढा हलवला की झालं. चारही रकाने सारखे भरले तर मात्र शून्य लावून उपयोग नाही, जबड्यातच ढिलाई आहे. म्हणजे डिस्क सुटण्याचा क्षण दर वेळी वेगळा आहे. मग १५ फुटांवर परत या, आणि तिथे ‘टोपलीत गेली’ एवढ्यावर खूश न होता दहाच्या दहा खांबाजवळच्या दोन-तीन साखळ्यांवर लागतात का ते बघा. तुमच्या नऊपैकी चार-पाच कडेच्या साखळीने मेहेरबानी केल्यामुळे गेल्या असतील. पंचविसावर ती मेहेरबानी संपते.

माझं खाली का जात होतं? अंतर वाढलं की जोर दंडातून काढायचो, खांदा आखडायचा आणि डिस्क उशिरा, नाक, म्हणजे पुढची कड, खाली करून सुटायची. कोपर आणि मनगट १५ वर जे करतात तेच २५ वर करू द्या. वाढीव जोर मागच्या पायाने जमीन ढकलून आणायचा. नजर एखादी कडी वर. आणि घाबरत घाबरत टाकू नका, साखळ्या काही शोभेला टांगलेल्या नाहीत. पूर्वी लोक खांबाला किंवा झाडाला डिस्क मारायचे, आणि ती लागली की नाही यावर भांडायचे. १९७०च्या दशकात एड हेड्रिक यांनी साखळ्यांची टोपली बनवली तेव्हा ते भांडण मिटलं. साखळ्या डिस्कचा वेग खातात आणि ती खाली टोपलीत पडते. बऱ्यापैकी वेगाने, सपाट आलेली डिस्क त्यांना चांगली पेलते.

एका जागेवरून पन्नास फेकणं मी तरी बंद करीन. दहावी डिस्क पहिल्या नऊंच्या चुका बघून जाते. मैदानावर त्या जागेवरून एकच मिळते. त्यापेक्षा फिनलंडमधून आलेला ‘युली’ खेळा. पाच डिस्क घेऊन १० मीटरवरून सुरुवात. पाचही गेल्या तर पुढची फेरी पुन्हा १० वरून, चार गेल्या तर ९ वरून, तीन गेल्या तर ८, असं उतरत एकही नाही गेली तर ५ मीटर. जितक्या मीटरवरून गेली तितके गुण. अशा वीस फेऱ्या. म्हणजे बरोबर शंभर फेकी, आणि जास्तीत जास्त १००० गुण. माझा आजवरचा सगळ्यात मोठा आकडा ४१२ आहे. नातू तो फ्रीजवर लिहून ठेवतो, शेजारी स्वतःचा ५३८.

प्रश्न : पट मारल्यावर तोल जाऊन माझा पाय पुढे पडतो. नवरा म्हणतो, चालतं. खरंच चालतं का? (ओहायोहून एक वाचक)

उत्तर : टोपलीपासून १० मीटरच्या, म्हणजे जवळपास ३३ फुटांच्या आत असाल तर नाही चालत. डिस्क सुटल्यावर मार्करच्या, म्हणजे आधीची फेक जिथे पडली तिथल्या खुणेच्या, मागेच तोल सावरून दाखवायचा आणि मगच पुढे पाऊल टाकायचं. त्या वर्तुळाबाहेर असाल तर डिस्क सुटताना मार्करमागचा पाय जमिनीला टेकलेला हवा. सुटल्यावर पुढे गेलात तरी हरकत नाही. तेव्हा यजमान वर्तुळाबाहेर बरोबर आहेत, आत चूक.

आमच्या घरी हा वाद होत नाही. मी पट मारतो तेव्हा नातवाचे डोळे माझ्या बुटांवर असतात. डिस्क टोपलीत गेली की नाही, ते तो नंतर बघतो.